एसी ऑफिसात झाडं ठेवूनही हवा कोरडीच राहते? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

फेब्रुवारी संपत आला की पुण्यातल्या ऑफिसांमधून एकसारखे फोन सुरू होतात. ओठ फुटतायत, घसा खवखवतोय, दुपारनंतर डोळे चुरचुरतात, लेन्स लावणाऱ्यांचे तर हाल विचारू नका. दाराच्या लोखंडी मुठीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. मग कुणीतरी सुचवतं, झाडं आणू. झाडं येतात, पहिला महिना छान जातो, एप्रिलमध्ये पानांची टोकं करपायला लागतात आणि मे संपेपर्यंत निम्म्या कुंड्या जिन्याखाली जातात. हवा होती तशीच राहते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ऑफिसांमधली झाडं सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. झाडं लावा असंच मी सगळ्यांना सांगते आणि मनापासून सांगते. पण कोरड्या हवेवर उपाय म्हणून झाडं लावायची असतील, तर हिशोब पाण्याचा करावा लागतो, कुंड्यांचा नाही. कुंडीत किती पाणी गेलं, त्यातलं किती पानांतून हवेत आलं, आणि हवेत आलेलं पुढे कुठे गेलं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कुठे अडतंय ते कळतं. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने बघा. मधली पायरी गाळून थेट नर्सरीत गेलात तर पैसे वाया जायची शक्यता जास्त.

हवा खरंच कोरडी आहे का

आधी एक हायग्रोमीटर घ्या. तापमान आणि आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जेवढं बाष्प मावू शकतं त्याच्या किती टक्के आहे ते) दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. स्वस्त यंत्रं पाच-सात टक्क्यांनी चुकतात, म्हणून आल्याबरोबर मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. पाणी वर तरंगायला नको, मीठ विरघळून जायला नको. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट डब्यात शेजारी शेजारी ठेवा, यंत्राला मीठ लागू देऊ नका, आणि रात्रभर डबा बंद ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के दिसायला हवा. ७० दिसला तर तुमचं यंत्र ५ ने कमी दाखवतं, तेवढे मिळवून वाचायचं. मिठाच्या ओल्या लगद्यावरची हवा २५ अंशांच्या आसपास नेहमी ७५ टक्क्यांवरच स्थिरावते, म्हणून ही चाचणी भरवशाची.

आता यंत्र टेबलावर, तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवर, एसीच्या झोतापासून बाजूला ठेवा. आठवडाभर सकाळी दहा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सहाचा आकडा लिहा. ४० ते ६० टक्के असेल तर हवा ठीक आहे. ३० ते ४० मध्ये त्रास जाणवतो. ३० च्या खाली सगळ्यांनाच जाणवतो.

आकडा ४५ असूनही डोळे कोरडे पडत असतील तर दोष आर्द्रतेचा नाही. बहुतेक वेळा एसीचा झोत थेट तोंडावर येत असतो. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटवा. ती सतत हलत असेल तर तेवढी हवा तुमच्या डोळ्यांवरूनही सतत वाहतेय. झडप वळवा किंवा खुर्ची सरकवा. शिवाय स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी वेळा मिटतो. त्यावर कुठलीही कुंडी उपयोगाची नाही. दर थोड्या वेळाने लांब बघणं, पापण्या मुद्दाम मिटणं, आणि तरीही त्रास राहिला तर नेत्रतज्ज्ञांना दाखवणं हाच मार्ग.

एसीचा ड्रेन पाइप बघा

ही तपासणी फुकटातली आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. ऑफिसात स्प्लिट एसी असेल तर त्याचा ड्रेन पाइप बाहेर कुठे उघडतो ते शोधा आणि दुपारी तिथे उभं राहून दोन मिनिटं बघा.

पाइपातून पाणी ठिबकत असेल, तर एसीची थंड कॉइल खोलीतल्या हवेतलं बाष्प पकडून बाहेर टाकतेय. म्हणजे दोन गोष्टी. एक, खोलीतली हवा फार कोरडी नाही. कॉइलचं तापमान साधारण १० ते १२ अंश असतं, त्यावर दव धरायचं तर २४ अंशांच्या खोलीत आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर असावी लागते. दोन, झाडांनी हवेत पाणी सोडलं तरी ते याच पाइपाने बाहेर जाणार. कुंड्या कितीही वाढवल्या तरी आकडा हलायचा नाही. मुंबईत, ठाण्यात, कोकणपट्टीत वर्षातला बराच काळ हीच स्थिती असते. तिथल्या ऑफिसात घसा कोरडा पडत असेल तर आधी झोत तपासा, मग एसीच्या जाळ्यांमधली धूळ. फिल्टर महिनोन् महिने धुतलेले नसतात आणि धुळीने होणारी खवखव कोरडेपणाच्या नावावर खपते.

पाइप कोरडा ठणठणीत असेल, तर एसी हवेतलं पाणी काढत नाहीये. हवा बाहेरूनच कोरडी येतेय. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात, नागपुरात मार्च ते मे हेच घडतं. एप्रिलमधल्या दुपारी बाहेर ३७ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम साडेसहा ग्रॅम बाष्प असतं. थंड हवेत बाष्प कमी मावतं, म्हणून तीच हवा २५ अंशांवर आणली की आर्द्रता २९ टक्क्यांच्या आसपास येते. गंमत बघा, इथे एसीने आर्द्रतेचा आकडा वाढवलाय, तरी आपण दोष त्यालाच देतो. या दिवसांत झाडांनी सोडलेलं पाणी पाइपातून पळत नाही, खोलीतच राहतं. झाडांचा उपयोग व्हायचा असेल तर तो याच तीन महिन्यांत होतो.

रिमोटही एकदा हातात घ्या. त्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र दिसत असेल तर एसी ड्राय मोडवर आहे. थेंब दिसतो म्हणून बरेच जण हा मोड हवेत ओलावा आणायला लावून ठेवतात. त्याचं काम नेमकं उलटं आहे, तो हवेतलं पाणी काढतो आणि पावसाळ्यासाठी आहे. उन्हाळ्यात कूल मोड लावा, तापमान २४ ते २६ ठेवा.

कॅनडात, जर्मनीत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात काम करणाऱ्या आपल्या लोकांना हा त्रास हिवाळ्यात होतो आणि तो इथल्यापेक्षा बराच तीव्र असतो. बाहेरची उणे ५ अंशांची हवा आत घेऊन २२ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. तिथे ड्रेन पाइप बघायची गरज नाही, पुढचा पाण्याचा हिशोब मात्र तसाच्या तसा लागू आहे.

किती पाणी लागतं आणि झाड किती देतं

१० बाय १२ फुटांची, ९ फूट उंचीची केबिन घ्या. तिच्यात ३० घनमीटर हवा मावते. आर्द्रता ३० वरून ४० टक्क्यांवर न्यायची तर त्या हवेत साधारण ७० ग्रॅम पाणी जास्तीचं हवं. एवढंसंच. पण ते एकदा घालून भागत नाही, कारण दारं उघडतात, फटींतून हवा ये-जा करते. तासाभरात खोलीतली सगळी हवा एकदा बदलते असं धरलं तर दर तासाला ७० ग्रॅम लागतात. दार बंद ठेवलं आणि हवा दोन तासांत एकदा बदलली तर ३५.

तुलनेसाठी सांगते, बसून काम करणारा माणूस श्वासातून आणि घामातून तासाला ५० ते ८० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. भरलेली खोली रिकाम्या खोलीपेक्षा कमी कोरडी वाटते ती म्हणूनच.

झाडाकडे वळू. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांच्या रंध्रांतून बाहेर पडतं. शाळेत बाष्पोच्छ्वास म्हणून शिकलो तेच. मातीच्या पृष्ठावरून उडतं ते वेगळं. म्हणजे कुंडीत घातलेलं आणि खालून वाहून न गेलेलं जवळजवळ सगळं पाणी शेवटी हवेतच जातं. झाड दिवसाला पाव लिटर पाणी पीत असेल तर हवेला पाव लिटरच मिळणार. याहून जास्त देण्याची जादू कुठल्याच झाडात नाही.

हे स्वतः मोजून बघा. ऑफिसात कुरिअरच्या खोलीत पार्सलचा काटा असतो. सकाळी नऊला पाणी घातलेली कुंडी, ताटलीसकट, वजन करून ठेवा. संध्याकाळी सहाला पुन्हा वजन करा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढं पाणी त्या झाडाने ऑफिसच्या वेळेत हवेला दिलं. माझ्याकडची माणसाच्या छातीइतकी उंच, खिडकीजवळची अरेका पाम चांगल्या प्रकाशात तासाला वीस ग्रॅमच्या आसपास देते. तीच झाडं आतल्या कोपऱ्यात ठेवली की निम्म्याच्याही खाली येतात. काटा नसेल तर मनी प्लांटची फांदी काचेच्या बाटलीत पाण्यात लावा, तोंडाला कापसाचा घट्ट बोळा घाला आणि पाण्याच्या पातळीवर स्केच पेनने रेघ मारा. कापसामुळे बाटलीच्या तोंडातून वाफ फारशी निसटत नाही, त्यामुळे पातळी जेवढी उतरते ती जवळजवळ सगळी पानांची कामगिरी. रोजची रेघ रोज मारत गेलात की खिडकीतली बाटली आणि कपाटावरची बाटली यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

आता बेरीज करा. बंद दाराच्या केबिनमध्ये खिडकीपाशी मोठी, निरोगी तीन-चार झाडं असतील तर तासाला ६० ते ८० ग्रॅम मिळतात आणि आकडा खरोखर वर चढतो. पाच हजार चौरस फुटांच्या हॉलचं गणित वेगळं. तिथे हवाच साडेबाराशे घनमीटरच्या वर. १० टक्क्यांची वाढ हवी तर तासाला जवळपास तीन लिटर पाणी लागेल. म्हणजे दीडशे मोठी झाडं, आणि तीही सगळी खिडकीजवळ असल्यासारखी. तेवढी जागा कुठल्याच हॉलमध्ये नसते. खांबाखांबाला एक कुंडी ठेवून हॉलची हवा ओली होईल असं कुणी सांगत असेल तर त्याने हे गणित केलेलं नाही. हॉलमध्ये झाडं लावायची ती डोळ्यांना बरं वाटावं म्हणून, आणि तेही पुरेसं कारण आहे.

जाता जाता ‘हवा शुद्ध करणारं झाड’ या पाटीविषयी. तिचं मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी बिल वोल्व्हर्टन यांनी केलेल्या १९८९ च्या अभ्यासात आहे. तो अभ्यास छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता आणि विषय होता बेंझिन, फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्स आणि वेअरिंग यांनी २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं, की इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या देवघेवीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. म्हणून ती पाटी बघून झाड निवडू नका. आपल्याला हवंय ते पाणी.

झाड चुकीचं निवडलंय का

ऑफिसांत सगळ्यात जास्त खपणारं झाड म्हणजे स्नेक प्लांट. मरत नाही, पाणी मागत नाही. कोरड्या हवेसाठी मात्र ते जवळजवळ निरुपयोगी, आणि कारण तेच: पाणी मागत नाही. स्नेक प्लांट, कोरफड, जेड ही कोरड्या मुलखातली झाडं पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानांची रंध्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. म्हणजे तुम्ही ऑफिसात असता तेव्हा ती हवेला काहीच देत नाहीत, आणि रात्री देतात ते थेंबभर. झीझी प्लांटही काटकसरीच्याच जातीचं. ऑफिसात नुसती हीच झाडं असतील तर हवा का बदलत नाही याचं उत्तर मिळालं.

भरपूर पानं असलेली, तहानलेली झाडं हवीत. माझी पहिली पसंती अरेका पाम, ती मूळची मादागास्करची. तिच्या खालोखाल पीस लिली. तिचा मोठा गुण म्हणजे तहान लागली की ती सगळी पानं टाकून मान खाली घालते आणि पाणी घातलं की दोन-तीन तासांत उभी राहते, त्यामुळे नवख्या माणसालाही कळतं. बॉस्टन फर्न पाणी छान देतं, पण एकदा माती पूर्ण सुकली की हातचं जातं. मनी प्लांट आणि सिंगोनियम मॉस स्टिकवर (शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर) चढवली की कमी जागेत पानं जास्त मिळतात. खिडकीत रोज थोडं ऊन येत असेल तर छत्री गवत लावा. हे मूळचं पाणथळ जागेतलं, बुडाशी पाणी उभं राहिलं तरी चालतं, आणि पाणी पितं ते विचारूच नका.

एक सावधगिरी: पीस लिली, मनी प्लांट, सिंगोनियम यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते. ऑफिसच्या पाळणाघरात ही झाडं नकोत.

झाडं तीन महिन्यांत का मरतात

आजारी झाड हवेला पाणी देत नाही. ते रंध्रं मिटून बसतं. त्यामुळे झाडं जगवणं ही वेगळी हौस नाही, हवेचा उपाय चालू ठेवायचा तर ते करावंच लागतं.

नर्सरीतून आणलेलं झाड थेट एसीत ठेवलं जातं, इथूनच बिघडायला सुरुवात होते. आपल्याकडची बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून येतात, उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत शेडनेटखाली दमट हवेत उभी असतात, आणि तिथून टेम्पोने एकदम २४ अंशांच्या कोरड्या हॉलमध्ये येतात. ती पानं गाळणारच. आणल्यावर दोन आठवडे जिन्यातल्या खिडकीशी किंवा सावलीच्या गच्चीवर ठेवा, मग आत घ्या. आणि खरेदी जानेवारीत करा, एप्रिलमध्ये नको. उन्हाळा सुरू होईपर्यंत झाड रुळलेलं हवं.

प्रकाशाबद्दल लोकांचा अंदाज नेहमी चुकतो. ऑफिसच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. आपल्याला तो लख्ख वाटतो, अरेकासाठी तो उपासमारीचा. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घ्या आणि पानाच्या उंचीवर मोजा. हजाराच्या आत आकडा असेल तर तिथे अरेका ठेवू नका, पीस लिली किंवा मनी प्लांट ठेवा. काचेला गडद फिल्म लावलेली असेल तर खिडकीजवळसुद्धा आकडा निराश करतो, म्हणून मोजल्याशिवाय ठरवू नका. जागाच नसेल तर झाडांच्या जोड्या करा: एक आत, एक खिडकीत, आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल.

झोतात ठेवलेलं झाड लवकर जातं. एसीखाली पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत होतात. मगाचची टिश्यूची पट्टी पानालाही लावून बघा.

नुसती टोकंच करपलीत, झोत नाही, आणि मातीवर पांढरट साय धरलीय? मग पाणी क्षारयुक्त आहे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी हे नेहमीचं कारण. त्याहून वाईट म्हणजे आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी. पाणी वाया जाऊ नये म्हणून पँट्रीत ते बादलीत साठवतात आणि झाडांना घालतात. हेतू चांगला आहे, पण आरओने पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. ते फरशी पुसायला वापरा. झाडांना नळाचं पाणी द्या, आणि दोन महिन्यांतून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन खालून स्वच्छ पाणी वाहेपर्यंत भरपूर पाणी घाला, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील.

पानं पिवळी पडून खोड बुडाशी मऊ झालं असेल तर ती मूळकूज. ऑफिसात झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच मरतात. देखण्या पांढऱ्या कुंडीच्या आत नर्सरीची काळी कुंडी तशीच ठेवलेली असते. वरून घातलेलं पाणी बाहेरच्या कुंडीच्या तळाशी साठतं आणि मुळं त्यात उभी राहतात. वरून काहीच दिसत नाही. आतली कुंडी उचला, तळातलं पाणी ओता, त्याला वास येत असेल तर माती बदला: लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत, वर मूठभर परलाइट. काळी, मऊ मुळं कात्रीने काढून टाका. तळाशी विटांचे तुकडे घालून आतली कुंडी दोन बोटं वर उचलून ठेवा.

जास्त पाणी पडतं कारण घालणारे हात अनेक असतात. हाउसकीपिंगच्या मावशी सकाळी घालतात, शेजारी बसणारे दुपारी बाटलीतलं उरलेलं ओततात, संध्याकाळी कुणी कपातला चहा रिकामा करतं. दूध-साखर मातीत गेली की चिलटं येतात आणि मग ‘झाडांमुळे ऑफिसात किडे झाले’ अशी तक्रार होते. मावशींना एकदा नीट बोट बुडवून दाखवा: दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी. मग जबाबदारी त्यांच्याकडेच द्या आणि बाकीच्यांना हात लावू नका म्हणून सांगा. मावशी झाडांच्या बाबतीत बाकी कुणाहीपेक्षा जास्त लक्ष ठेवतात, त्यांना फक्त कुणी विचारलेलं नसतं.

शेवटचा शत्रू कोरड्या हवेतच फोफावतो: लाल कोळी. पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, पान हळूहळू राखाडी, मागच्या बाजूला बारीक जाळी. पानाखाली पांढरा कागद धरा आणि पान टिचकीने झटका. मिरपुडीसारखे कण पडतील. अर्धा मिनिट बघत राहा, ते चालायला लागले तर कोळी आहेत. बोटाने चिरडले तर तांबूस रेघ उमटते. झाड लगेच इतरांपासून लांब न्या, पानांची मागची बाजू पाण्याच्या जोराच्या धारेने धुवा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून फवारा. दर सहा-सात दिवसांनी तीनदा तरी करा, कारण अंड्यांवर पहिल्या फवाऱ्याचा परिणाम होत नाही. नीम तेलाचा वास सगळ्यांना सोसत नाही, म्हणून शुक्रवारी सगळे गेल्यावर फवारा. पानांच्या देठाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तो कापसाच्या बोळ्याने पुसून काढा, मग तेच नीम तेल.

पानांवर पाणी शिंपडल्याने हवा ओली होते का, असं सगळेच विचारतात. काही मिनिटं होते. क्षाराचे डाग मात्र पानावर कायमचे राहतात. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसा, प्रकाश चांगला मिळतो आणि झाड जास्त पाणी ओढतं.

शनिवार-रविवार

शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद होतो आणि काचेची इमारत दोन दिवस तापते. सोमवारी मान टाकलेली झाडं याच कारणाने दिसतात. शुक्रवारी पाणी घातल्यावर झाडं खिडकीपासून दोन हात आत, एकमेकांना चिकटून ठेवा. एकत्र ठेवलेली झाडं आपापल्या पानांभोवतीची हवा दमट ठेवतात. बॉस्टन फर्नसारख्या नाजूक झाडाला जाड सुती दोरीची वात करा: एक टोक मातीत चार बोटं खोल, दुसरं शेजारच्या पाण्याच्या बाटलीत. बाटलीचं तोंड कापसाने बंद करा.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर

झाडं निरोगी, जागा योग्य, दार बंद, आणि तरी आकडा ३० च्या खालीच असेल, तर झाडांकडून त्यापलीकडे अपेक्षा धरू नका. विदर्भात वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुशाच्या ताट्या लावलेला कूलर तासाला कित्येक लिटर पाणी हवेत सोडतो. त्याच्यासमोर झाडांचं काही चालणार नाही. नागपूर-अकोल्याच्या छोट्या ऑफिसात खिडकी थोडी उघडी ठेवून कूलर लावणं हा सरळ उपाय आहे, एसीबरोबर मात्र तो लावू नका. एसी असलेल्या केबिनमध्ये तासाला २०० ते ३०० मिली देणारा ह्युमिडिफायर घ्या आणि त्यात आरओचं पिण्याचं पाणी घाला. नळाचं पाणी घातलं तर टेबलावर, कीबोर्डवर क्षारांची पांढरी पूड बसते. टाकी रोज रिकामी करून धुवायची, नाहीतर बुरशी धरते आणि तीच श्वासात जाते. हायग्रोमीटर शेजारी ठेवा आणि ५० टक्के झाले की बंद करा. मोठ्या हॉलमध्ये सेंट्रल एसी असेल तर इमारतीच्या देखभाल विभागाला आठवडाभराचे लिहून ठेवलेले आकडे दाखवा. ‘हवा कोरडी वाटते’ यावर कुणी हलत नाही, ‘रोज दुपारी तीनला २६ टक्के’ यावर हलावं लागतं.

जून लागला की

पाऊस सुरू झाला की हवा आपोआप ओली होते आणि कुंड्यांचा धोका बदलतो. ताटल्यांमध्ये साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगी पसरवणारा एडिस डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा सगळ्यात आधी ताटल्या आणि बाहेरच्या कुंड्यांचे तळच बघतात, अळ्या सापडल्या तर दंड होतो. आठवड्यातला एक वार ठरवून कोरडा दिवस पाळा: त्या दिवशी सगळ्या ताटल्या, बाटल्या, आतल्या-बाहेरच्या कुंड्यांमधली पोकळी रिकामी करून घासायची, कारण अंडी कडेला चिकटून सुकली तरी टिकतात. पाण्यातल्या मनी प्लांटचं पाणी त्याच दिवशी बदला. पाणी घालायचं प्रमाण निम्म्यावर आणा, वाती काढून टाका, ह्युमिडिफायर धुऊन, पूर्ण सुकवून कपाटात ठेवा आणि एसीचा ड्राय मोड आता खुशाल लावा.